नीळ पिंपात निळी नसते

मामा, दहिसरच्या नदीकाठी तुझी पत्र्याची शेड होती, तिथे आता इमारत आहे. तिच्यासमोरून जाताना मी अजून वास घेऊन बघतो. गूळ, चुना, टाकळ्याच्या उकडलेल्या बिया आणि त्यावर चढलेला तो गोठ्यासारखा वास. संपात तुझी गिरणीतली नोकरी सुटली आणि तू आजोबांचं नीळ रंगवायचं काम पुन्हा मांडलंस. मी सरांशी भांडून कॉलेज अर्धवट सोडलं होतं, म्हणून आईने मला तुझ्याकडे ढकललं.

तू पाला हातात दिलास. "यात निळं कुठे दिसतंय?" कुठेच नाही. साधं हिरवं झुडूप. याच्यापायी गोऱ्यांनी बंगालात भाताच्या जमिनीत जबरदस्तीने नीळ पेरायला लावली, मग कारखान्यातला रंग आला आणि झुडपाला कोणी विचारेना, असं तू सांगत होतास आणि माझं लक्ष समोरच्या चाळीतल्या एका मुलीकडे. तिच्यासाठी ओढणी रंगवायची होती. रविवारी ती गावी जाणार होती, कायमची.

"पिंप दमलंय, आता रंग धरणार नाही. सोमवारी बघू."

"सोमवारी काय उपयोग?"

"मग बाजारातून आण ना, हिरो!"

तू जेवायला गेलास आणि मी बांबूने पिंप घुसळलं, रंग वर यावा म्हणून. पाणी निळंशार. झकास, वाटलं. ओढणी बुडवली, धुतली, सगळा रंग मोरीत. तू आलास, बोट बुडवून जिभेला लावलंस. आता कानाखाली बसणार, मी गाल तयार ठेवला. "हवा घातलीस रे. नीळ पिंपातच निळी झाली की मेली. तिला बाहेर येऊन निळं व्हायचं असतं." चार महिने जपलेलं पिंप. तू गूळ घातलास, पिंपावर गोधडी घातलीस. "तू मारलीस, तूच जगव. हलायचं नाही."

रविवारी समोर टेम्पोत सामान चढत होतं. उठलो असतो तर भेट झाली असती. उठलो नाही.

मंगळवारी सकाळी गोधडी काढली तर पाण्यावर तांब्याच्या रंगाची साय. ओढणी अलगद सोडली, बाहेर काढली तर पिवळट हिरवी, कैरीच्या फोडीसारखी. आणि मग, मामा, मी नुसता धरून उभा आहे आणि ती हातातल्या हातात बदलते आहे, कडांकडून आत, हिरवीची मोरपिशी, मोरपिशीची निळी. मला रडूच फुटलं.

तू पाठीवर हात ठेवलास. "जाऊ दे रे. गेली ती गेली."

मी मान हलवली. तुला कधी बोललो नाही, पण तेव्हा ती मला आठवतसुद्धा नव्हती.