मामाच्या दोन मुली

८ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. कान पिळायला तू जवळ नाहीस म्हणून जरा फावलंय. आम्ही चौघं सुखरूप आहोत. खोली लहान आहे, पण दाराला आतून कडी आहे. पहिल्या दिवशी मी ती उगाच लावून-काढून पाहत बसलो, तर तुझी भावजय हसायला लागली.

आता मुद्द्याचं. मी एक घोळ घातलाय. सीमेवर विचारलं, बरोबर कोण कोण. मी म्हटलं, बायको आणि दोन मुली. खोटं बोलायचं मनातसुद्धा नव्हतं गं. तुझ्या लेकीला आपल्या घरात भाची कुणी म्हटलंय कधी? मोठी आणि धाकटी, बस्स. परवा आश्रयाच्या अर्जाच्या मुलाखतीत इथल्या साहेबांनी मोठीला आईबद्दल विचारलं. तिने सरळ सांगून टाकलं, की आजीला चालवत नव्हतं म्हणून आई मागे थांबली आणि आता निर्वासितांच्या छावणीत सुईणीचं काम करते. साहेबांचा चेहराच बदलला. दुसऱ्याची पोर पळवून आणली की काय, अशी त्यांना शंका आहे. हे खोटं, तर माझा छापखाना जाळल्याची हकिगत तरी खरी कशावरून, असंही म्हणाले. अर्ज फेटाळला तर परत पाठवतील, आणि छापखाना जाळणारे तिथेच आहेत.

मला वाटलं, मोठी माझीच असं तू लिहून द्यावंस, म्हणजे मिटलं. हे ऐकून आमच्या वकीलबाई अशा भडकल्या की काही विचारू नकोस. त्यांना तुझ्याकडून फक्त खरं हवंय. काय करायचं ते तूच ठरव.

लोभ आहेच, तो या गोंधळातही टिकव.
तुझा,
धाकटा

२ मार्च

चि. धांदरटास,
ताईचे अ. उ. आ.

वकीलबाईंना माझा नमस्कार सांग. तुला रागावणारं कुणीतरी तिथे आहे, हे वाचून जीव भांड्यात पडला.

एका बाळंतिणीला मोकळं करून तशीच छावणीच्या कचेरीत गेले. तिथल्या बाईंना सांगितलं, की मुलगी माझी, मीच तिला भावाच्या हाती दिली. माझं दूध आटलं तेव्हा भावजयीने दोघींना अंगावर पाजलं, आणि तेव्हापासून कोण कुणाची हे आमच्या घरात कुणी विचारलंच नाही. त्या बाई लिहिता लिहिता थांबल्या आणि मला पाणी दिलं.

खरं सांगू? तिला तुझी म्हणावं, असं माझ्याही मनात येऊन गेलं होतं. तुझ्याजवळ ती सुरक्षित राहिली असती. पण मग मी तिची कोण? आई गेल्यापासून इथे मला हाक मारणारं माणूस नाही. एवढी एक ओळख मला सोडवेना. माझ्यामुळे तुमचं काही वाईट झालं, तर मात्र मी स्वतःला माफ करणार नाही.

पोरींचे केस विंचरतोस ना? सगळ्यांना आशीर्वाद.
तुझी,
ताई

१९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न., आणि या वेळी तुझ्या पायांवर डोकं ठेवून.

आम्हाला राहायला मिळालं! जिथे जिवाला धोका आहे तिथे माणसाला परत लोटायचं नाही, असा कायदाच आहे म्हणे. तुझा जबाब वाचून साहेबांची शंका फिटली. वकीलबाईंचे उपकार कसे फेडू? चहा पाजला, तर त्यात साखर जास्त म्हणून मलाच बोलल्या.

पुढचं बसून वाच. मोठी माझी मुलगी ठरली असती, तर तुला बोलावायला आम्हाला वाटच नव्हती. बहिणीला आणता येत नाही. पण आईपासून दुरावलेल्या मुलाला इथे आपल्या आईला बोलावता येतं. म्हणजे मी तुझा रस्ता बंद करायला निघालो होतो, आणि पोरीने तो उघडला. तुला बोलावण्यासाठी मोठीच्या नावाने केलेला अर्ज काल मंजूर झाला. छावणीतले लोक तुला गाडीपर्यंत पोचवतील.

तो अर्ज देताना साहेबांनी पुन्हा विचारलं, घरात कोण कोण. मी सावकाश सांगितलं, की बायको, एक मुलगी आणि एक भाची. जन्मात पहिल्यांदा तो शब्द तोंडातून काढला आणि डोळेच भरून आले. मोठीने टेबलाखाली माझा हात घट्ट धरला आणि साहेबांना म्हणाली, की आईसुद्धा लिहा, ती येतेय.

तुझी वाट पाहणारा,
धाकटा