हनुवटीकडे हात

११ जानेवारी
दाढ नाही, जबडाच! डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला. डावीकडे खाली लिंबाएवढा काळा गोल. म्हणे पाण्याची गाठ आहे, वर्षानुवर्षं आतून हाड खातेय. आणि मी आपली लवंग धरून बसले होते!

मग पुढच्या दाताची खाच बघून म्हणाले, "टेलर का तुम्ही?" दोरा तोडून तोडून पडलीय ती. तोही दात जाणार. गाठ त्याच्या मुळापर्यंत पोचलीय. एकूण चार दात काढायचे, मग गाठ, मग हाडाला पट्टी आणि स्क्रू.

खर्चाचा कागद हातात दिला. एवढ्यात निम्मा गाळा आपला झाला असता.

१२ जानेवारी
ह्यांना सांगितलं. हे कटिंग करत होते. कात्री थांबली. "करून टाकू," एवढंच म्हणाले. हे बोलतातसुद्धा टेप लावून, बेतापुरतं. मी चिडले. करून टाकू म्हणजे काय, पँटची उंची आहे का! दुकानाचा गाळा विकत घ्यायला साठवलेत ते पैसे. गाळेवाला मार्चपर्यंत थांबतो म्हणालाय.

पण दुखतंय. लिहितानाही दुखतंय.

१५ जानेवारी
डॉक्टरांशी घासाघीस केली. मी! शिलाईत कुणी घासाघीस केली की माझं डोकं फिरतं, आणि आज मीच दातांच्या कण्या केल्या. खोली साधी द्या म्हटलं, नवे दात नंतर बसवू म्हटलं, शेवटी म्हटलं स्क्रू तरी कमी लावा. डॉक्टर हसले. "स्क्रू कमी लावले तर जबडा उसवेल, बाई." नवे दात तेवढे वगळले.

सही करायच्या कागदावर बारीक अक्षरात होतं – खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होऊ शकते, कधी काही महिने, कधी कायमची. ह्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मी म्हटलं, एकदाचं दुखायचं थांबू दे, बधिर तर बधिर! आणि सही ठोकली.

२३ जानेवारी
उद्या. नणंदेचा फोन येऊन गेला. "घाबरू नकोस गं वहिनी, आमच्या शेजारणीचा जबडा असाच –" पुढचं ऐकलं नाही मी.

२८ जानेवारी
झालं. बसवत नाही.

३ फेब्रुवारी
दुखणं गेलं. ओठही गेला. बोटाला ओठ कळतो, ओठाला बोट कळत नाही. दुसऱ्या कुणाचा तरी ओठ आणून इथं टाचून ठेवल्यासारखं वाटतं. सगळं मिक्सरमधून काढून प्यायचं. हे चमचा धरतात आणि माझ्याबरोबर स्वतःचंही तोंड उघडतात.

९ फेब्रुवारी
टाके काढले. डॉक्टर हनुवटीवर सुई टेकवत विचारत होते, "इथं? इथं?" मी नाही, नाही म्हणत गेले आणि शेवटी रडूच फुटलं. "नस ताणलीय, तुटलेली नाही. सहा महिने धीर धरा." आणि सहा महिन्यांत नाही आली जाणीव, तर? "मग सवय करून घ्यायची."

सवय! म्हणायला काय जातंय.

१६ फेब्रुवारी
दुकानात गेले. बँकेतल्या बाई कोट घालून बघायला आल्या होत्या. मी चहा पीत त्यांच्याशी बोलत होते. बाई माझ्या डोळ्यांकडे बघेनात, जरा खाली बघत होत्या. चहा हनुवटीवरून ओघळून गळ्यापर्यंत गेला होता आणि मला पत्ताच नाही! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर हे म्हणाले, "मी माझ्या हनुवटीकडे हात नेला की तू तुझी पुसून घे. कुणाला कळायचं नाही." ह्यांच्या मानानं हे भाषणच झालं.

२ मार्च
दोरा तोडायला गेले. दातानं! दोरा हिरडीवरून नुसता सरकला. कात्री समोरच पडलेली. तिच्याकडे बघत बसले. काज अर्धंच राहिलं.

७ मार्च
चहा – ह्यांचा हात हनुवटीला. पाणी – हात. जरा भरभर बोलले की लाळ, की हात. आज एका गिऱ्हाइकानं ह्यांना विचारलं, "दाढी ठेवताय का?" मला हसू आवरेना. हसले तर पुन्हा हात! वैताग आलाय मला त्या हाताचा. त्याच्याकडे बघितल्याशिवाय घोटही घेववत नाही, त्याचा जास्त वैताग.

१९ मार्च
गाळा गेला. मोबाईलवाल्यानं घेतला. आपल्याला वर्षभर काढणार नाही म्हणतो. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात. माझ्याकडे दोन्ही नाहीत. हे दिवसभर खडू टोकदार करत बसले.

८ एप्रिल
टाचणी हरवली! कोट बेतताना टाचण्या ओठांत धरायच्या, डाव्या कोपऱ्यात, ही माझी जन्माची खोड. हात आपोआप तिकडेच गेला. लावताना एक कमी. खाली नाही, कोटात नाही. ओठाला विचारावं तर तो काय सांगणार! ह्यांचा चेहरा पांढराफटक. दुकान बंद करून दवाखान्यात. पोटाचा फोटो काढला. पोटात काही नाही. निघताना फोटोवाल्यानं माझ्या कॉलरमधून टाचणी उपटून दिली. "हीच का?" पैसे मात्र पुरते घेतले!

घरी ह्यांनी मनगटाला बांधायची टाचण्यांची उशी शिवली. कटिंगवाल्याची शिलाई, वाकडीतिकडी. मी रागानं फेकली. मग उचलून बांधली.

२२ मे
जेवताना ओठ चावला. रक्त ताटात पडलं तेव्हा कळलं. आपलेच दात, आपलेच ओठ – तक्रार तरी कुणाकडे करायची?

शिवण बिघडली तर उसवून पुन्हा घालता येते. इथं मला काहीच करता येत नाही. औषध नाही, व्यायाम नाही, नुसती वाट बघायची. अर्धं तोंड मेलंय आणि ते घेऊन रोज दुकानात बसायचं. लेक फोनवर म्हणते, "आई, दिसताना काही कळत नाही गं." दिसण्याचं कोण रडतंय? ह्यांनी परवा गालावरून हात फिरवला. खाली आला आणि मध्येच नाहीसा झाला. मी सांगितलं नाही त्यांना.

१४ जुलै
पुन्हा सुई. "इथं?" नाही. "इथं?" नाही. एका जागी खोटंच हो म्हणावंसं वाटलं. डॉक्टर आज 'येईल' म्हणाले नाहीत. "बघू" म्हणाले. आणि फी घेतली नाही! एवढे दिवस पैशाला पैसा मोजला, तेव्हा नाही इतकी आज भीती वाटली.

२५ जुलै
सहा महिने होऊन गेले. दोघांनीही विषय काढला नाही.

२ ऑगस्ट
दुकानात चहा घेत होतो. बँकेतल्या बाईही होत्या. ह्यांचा हात हनुवटीकडे निघाला आणि अर्ध्यावर थांबला. माझा आधीच पोचला होता. हनुवटीला चटका बसला म्हणून!