सिनेमात नसलेले शब्द

२१ जाने. १९६१, शनि. घाटंजी
पाळकसाहेब शाळेत आले होते. उद्या दुपारी चर्चमध्ये सिनेमा. नागपूरहून जीप, मशीन सगळं येणार. चित्र इंग्रजी, मराठीत सांगायचं काम माझं, कारण मंडळीत बी.ए. एकटी मीच. गोष्ट त्यांनी थोडक्यात सांगितली. खुनी जेलमधून सुटतो, मेलेल्याच्या आईकडे जातो, ती क्षमा करते. अशा गोष्टींनी माणसं बदलतात असं मला खरंच वाटतं. हो म्हटलं.
आईला सांगितलं. “खुन्याची गोष्ट तू सांगशीन?” एवढंच.

२२ जाने., रवि.
खिडक्यांना घोंगड्या टांगून अंधार केला होता. मी पडद्याशेजारी, हातात पत्र्याचा कर्णा.
पौलस शेवटी, दाराशी बसलेला. माझ्या दादाला त्यानंच मारलं. जिनिंग फॅक्टरीसमोर कापसाच्या गाड्यांच्या रांगेवरून भांडण, गाडीच्या कडेचा दांडा, उभारी, काढून डोक्यात घातली. दोघं जिवलग होते. सात वर्षं जेल भोगून दिवाळीत सुटला. पण आमच्या मंडळीत रीत आहे. मेलेल्याच्या घरच्यांनी चर्चमध्ये उभं राहून क्षमा केल्याशिवाय खुन्याला प्रभुभोजन नाही, प्रभूच्या मेजावरची भाकर नाही. आम्ही मायलेकींनी केलेली नाही.
सिनेमातला खुनी आईच्या दारात उभा राहिला आणि रीळ तुटलं. पोरं ओरडायला लागली. मशीनवाला म्हणाला, “बाई, तुम्ही बोलत राहा.” गोष्ट माहीत होती, बोलत राहिले. रीळ जोडायला त्याला उजेड हवा म्हणून कोणीतरी घोंगडी ओढली. पडदा कोरा, मी लोकांसमोर, आणि म्हणतेय, “तू माझ्या घरचा माणूस मारलास. जा, मी तुला क्षमा केली.”
पौलस उभा राहिला. हात जोडलेले. सगळ्या माना त्याच्याकडे, मग माझ्याकडे.
रीळ जोडलं. पडद्यावरची आई काहीच बोलली नाही. त्याच्याकडे बघत राहिली आणि बसायला स्टूल सरकवलं. संपलं.
मग ते शब्द कोणाचे?

२३ जाने.
शाळेत शिपाईणबाई, “बी.ए. बाईनं भावाच्या खुन्याले सोडलं म्हणे!” हसत नव्हती.
मंडळीचे पंच म्हणतात, चर्चमध्ये सगळ्यांसमोर बोलली, क्षमा झाली. पाळकसाहेब म्हणतात, सिनेमातलं धरायचं नाही. ५ तारखेला प्रभुभोजनाआधी मला नाव घेऊन विचारणार.

२६ जाने., गुरु.
झेंडावंदन. मुलांपुढे बंधुभावावर बोलले. टाळ्या. घरी आले तर आईनं ताट वाढून ठेवलेलं, स्वतः मागच्या अंगणात. चार दिवस हेच. नागपूरच्या होस्टेलमधल्या मैत्रिणीला, मालतीला, लिहायला बसले. ‘प्रिय मालू’च्या पुढे गेले नाही. तिनं दिवाळीपासून लिहिलेलं नाही.
भरतकामाचं रेशीम गुंडाळताना आई अखेर बोलली, पाठ करूनच. “तुले क्षमा कराची हौस आहे त कर. पर माह्या पोराच्या नावानं काहून करतं?”
मी ‘प्रिय मालू’चा कागद घडी करून ठेवला. चार वर्षं नागपुरात शिकले, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

४ फेब्रु., शनि.
दुपारी पौलस आला. कुंपणाबाहेरच थांबला. पूर्वी मला ‘सुशे’ म्हणायचा, आता ‘बाई’.
“बाई, एक खरं सांगा. थे तुमचं होतं का सिनेमातलं?”
“सिनेमात नव्हतं.”
“मंग तुमचं?”
“माहीत नाही, पौलसभाऊ.”
त्यानं कुंपणाची काडी धरली. “मले खोटी क्षमा नाही पाहिजे. जेलात रोज एकच मागत होतो, प्रभूच्या त्या मेजाशी एकदा बसू दे म्हणून. पर खोटी असन त उद्या नका बोलू. मी मागच्या मागं जाईन.” मग आत बघून, “मावशी बरी हाये ना?”
आतून भांडं आपटल्याचा आवाज. तो गेला.
वाईट वाटलं. पण दादाच्या रक्तानं भिजलेला सदरा मीच धुतला होता, तेही आठवलं. दोन्ही एकदम. कोणाला सांगू?

५ फेब्रु., रवि. सकाळ
पहिली घंटा झाली. मी तयार. आई चुलीशी, केसही विंचरलेले नाहीत. “चल ना गं आई.” तिनं नाही म्हणून मान हलवली.
“मी काय बोलू ते तरी सांग.”
“मले काहून विचारतं? तेव्हा विचारलं व्हतं?”
दारातून चर्चचं फाटक दिसतं. पौलस बाहेरच उभा, धुतलेला सदरा, आमच्या रस्त्याकडे तोंड. मंडळी त्याच्या बाजूनं आत जातेय.
दुसरी घंटा. एकटीच निघते. तिथं उभी राहिले की पहिला शब्द ‘मी’. दादाच्या नावानं काही नाही.