नळीतला थर

सोलापूर, मंगळवार संध्याकाळ

अहवाल सकाळीच गेला. भूगर्भातल्या गरम पाण्यावर चालणाऱ्या वीजकेंद्राचा. त्या पाण्यातून आणखी उष्णता काढून घेतली की वीज स्वस्त पडेल, असं छातीठोकपणे लिहिलंय मी.

घरी चहा पिताना वडिलांना, आप्पांना सांगितलं. साखर कारखान्यात त्यांनी जन्मभर रस आटवायच्या नळ्या घासल्या. म्हणाले, "थर बसंल की नळीत. घासायला किती दिस बंद ठिवनार?"

पाणी जितकं गार, तितका त्यात विरघळलेल्या खनिजांचा थर जास्त. ठाऊक होतं मला! तरी हिशेबात बंदचा एकही दिवस धरला नाही. थर कसा विसरले?

ऑफिसातल्या सरांना लगेच फोन केला, अहवाल परत मागवू या म्हटलं. ते हसले, "अगं, असलं कोण विचारतंय?"

मीही हसले. विचारणारे आप्पा समोरच बसले होते.