जिन्यावरच्या खोलीची आतली कडी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एक्याऐंशी, सैन्यातून निवृत्त झालेला शिपाई, शिक्षण सहावी, डोके ठिकाणावर आणि रक्तदाब गोळीने ताब्यात असताना, कोणाच्याही दबावाखाली नव्हे तर निव्वळ वैतागाने हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. वकिलांनी नमुना दिला आहे. त्यातले "सदरहू" कुठे घालायचे ते मला कळत नाही, म्हणून सगळीकडून काढले आहे. त्याने कागद बाद होत असेल तर मी जिवंत असतानाच सांगावे.

१. बँकेत जे निघेल ते मुलाचे. यावर जास्त लिहीत नाही.

२. खालच्या दोन खोल्या व स्वयंपाकघर मुलाला आणि सुनेला. गच्चीवरच्या टाकीचा नळ झोपण्यापूर्वी बंद करावा. हे मी तीस वर्षे तोंडाने सांगितले, आता कायद्याने सांगतो.

३. रंधा, करवत आणि पटाशीची पेटी माझ्या थोरल्या भावाला परत. ती त्याचीच आहे, तो सुतार. चार वर्षांपूर्वी दाराची फळी तासायला मी ती मागून आणली आणि तिच्या तळाशी मला माझ्याच अक्षरातल्या अकरा चिठ्ठ्या सापडल्या. हकीकत लिहितो, कारण ती कलम पाचला लागते.

लढाईत मी दोन वर्षे होतो. पाकिटावर नाव थोरल्याचे घालायचो, कारण घरचा कर्ता तो, आणि बायकोच्या नावाने पत्र पाठवायची मला लाज. तिला वाचताही येत नव्हते. म्हणून मोठ्या पत्राच्या आत एक लहान चिठ्ठी घडी करून ठेवायचो. वर लिहायचो, "हिला एकटीला वाचून दाखव." मोठे पत्र थोरला पुढच्या खोलीत चार माणसांत खणखणीत वाचायचा. मी परत आलो तेव्हा तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "दोन वर्षांत एकदा तरी माझी चौकशी करायचीत." मला वाटले, थट्टा करते आहे. मी हसलो. त्या हसण्याची मला आजही किळस येते. पेटी उघडली तेव्हा तिला जाऊन दोन वर्षे झाली होती.

थोरल्याला विचारले. तो चहा फुंकत म्हणाला, "अरे, धाकट्याच्या बायकोला एकटीला बसवून तसलं वाचायचं? मला जमलं नाही." मग फेकून का नाही दिल्यास, म्हटले, तर म्हणाला, "तुझं अक्षर होतं ना. परत येशील की नाही, कोणाला ठाऊक." इतक्या मायेने इतके घाणेरडे काम केलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

४. थोरल्याला माझ्या शेवटच्या वेळी घरात घेऊ नये, असे आधीच्या कागदात होते. ते खोडतो. पुढच्या खोलीतली माझी वेताची खुर्ची त्याला मिळावी. नाहीतरी रोज येऊन तो तिच्यातच बसतो.

५. जिन्यावरची माझी खोली नातसुनेला, तिच्या एकटीच्या नावे. नातू आज लढाईवर आहे. तिथे मोबाइल काढून घेतात. दर रविवारी सहा मिनिटे, फॉर्मवर लिहिलेल्या एकाच नंबरावर बोलू देतात. या शहाण्याने फॉर्मवर बापाचा नंबर लिहिला. बायकोचा लिहायला लाजला. पंचावन्न वर्षांत आमच्या घराने एवढीच मजल मारली.

फोन आला की स्पीकर लावून मधल्या टेबलावर ठेवतात. सून विचारते जेवलास का, मुलगा विचारतो थंडी किती, थोरला खुर्चीतून "ऐकू येतंय का" असे ओरडतो, आणि मी, ज्याला हे सगळे भोगून माहीत आहे तो मी, मोज्यांवर दीड मिनिट खातो. ओले मोजे घालू नकोस, हे दर रविवारी सांगतो. उरलेल्या अर्ध्या मिनिटात ती सगळ्यांसमोर म्हणते, "मी बरी आहे." मग फोन बंद होतो.

गेल्या रविवारी जिन्यात मला म्हणाली, "आजोबा, त्याला एक सांगायचंय. पण असं नाही सांगता येत." मी म्हणालो, मला सांग, पुढच्या वेळी मी सांगतो. तिने माझ्याकडे पाहिले मात्र, आणि मला कळले की ती पेटी घेऊन बसलेला आता मी आहे. स्वतःची एवढी शिसारी मला लढाईतही आली नव्हती. काय सांगायचे आहे ते मला माहीत नाही. कोणी विचारू नये.

६. खोलीच्या दाराला आतून कडी बसवून घेतली आहे. थोरल्याने बसवली, त्याच पेटीतल्या हत्यारांनी. वय शहाऐंशी, हात कापतो, स्क्रू वाकडे आहेत, पण कडी लागते. रविवारी फोन वाजताच मुलाने तो न उचलता तिच्या हातात द्यावा. जिन्यात कोणी उभे राहू नये, विशेषतः मी. मुलाने हे मोडल्यास कलम दोनमधल्या खोल्याही तिच्या. वकील म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते. बाकीचे तसे करावे. हे कलम आजपासून.

७. अकरा चिठ्ठ्या माझ्या उशीच्या अभ्र्यात आहेत. त्या माझ्याबरोबर जाऊ द्याव्यात. आता कोणी वाचून दाखवू नयेत.

वरील मजकूर मी दोनदा वाचला, तो माझाच आहे.

स्थळ: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: नातू लढाईवर गेल्याचा एकशे बारावा दिवस, रविवार.
साक्षीदार: १. गोळ्या देणारे डॉक्टर. २. समोरचा शिंपी. थोरला नाही, कारण खुर्ची मिळणाऱ्याची साक्ष चालत नाही म्हणतात.

सही.

ता. क. सही वाकडी आहे, पण माझीच आहे. ती करत असतानाच फोन वाजला. मुलाने माझ्याकडे पाहिले आणि फोन तिला दिला. वर कडी लागल्याचे आम्ही सगळ्यांनी ऐकले. थोरला म्हणाला, "काय बोलत असतील रे?" मी त्याला गप्प बस म्हटले. सहाच्या सहा मिनिटे कडी निघाली नाही. मोज्यांचे सांगायचे राहिले.