सोन्याच्या जाळीची भेंडी

प्रिय भाऊजींस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचले. पिवळे चिकट कागद दहा, निंबोळी तेलाची बाटली एक, बारीक जाळी चार हात. टपालखर्च तुम्ही भरला होता, तरी पोस्टमनने बारा रुपये जादा घेतले (पावती ठेवली आहे). तुमचा खोकला कमी असेल. येथे देवाच्या कृपेने सर्वांची प्रकृती ठीक, फक्त तुमच्या दादांचे डोके सोडून. ते पुढे येईलच.

आधी कबुली. बारा वर्षे या घरात तुमच्या कीड-खात्यातल्या नोकरीचा विषय निघाला की ‘तो तिकडे माशा मारतो’ म्हणून सगळे हसायचे, आणि पदर तोंडाला लावून मीही हसायची. आता हसणार नाही. मागच्या दारच्या कुंड्यांतल्या एका भेंडीच्या पानांवर हिरव्या जमिनीत पिवळ्याधमक शिरांची जाळी उमटली, सोनाराला जमणार नाही अशी. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली असूनही ती देवाची कृपा समजले. रोज आधी तिला पाणी, मग घरच्यांना चहा. एवढ्यावर थांबते तर बरे. कुंपणापलीकडच्या मावशी (बारा ओळी भेंडीवर त्यांची चूल आणि मुलीची फी चालते) यांनाही तिचे दर्शन घडावे, शिवाय तिकडे ऊन चांगले आणि फुकट, म्हणून मी कुंडी आठवडाभर त्यांच्या बांधावर ठेवली. पुढे त्यांच्या ओळी पिवळ्या पडू लागल्या तेव्हा मी म्हणाले, बघा, तुमच्यावरही कृपा झाली!

हे कौतुक तुम्हाला कळवले, मग तुमचे पत्र आले, की हा केवडा रोग, पांढरी माशी तो पसरवते, लागलेल्या रोपाला औषध नाही, उपटूनच टाकायचे. भिंग घेऊन पान उलटले. भाऊजी, काय ती कारागीर! तिळाच्या निम्मी, पांढरीशुभ्र, सोवळ्यातली वाटावी. आपल्याला सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो, आणि ही नुसत्या तोंडाने पानाची शीर बिनचूक शोधते. आजाऱ्याचा रस पिऊन निरोग्याच्या घरी जाते, रोग देऊन येते, आणि स्वतःला शिंकसुद्धा येत नाही. मला तुमच्याकडे राहणाऱ्या आत्याबाईच आठवल्या (हे त्यांना वाचून दाखवू नये).

काटकसर म्हणून एकेका कागदाचे चार तुकडे करून माशा चिकटायला मावशींच्या ओळींत पानांच्या उंचीला टांगले. एक दोरीवर उरला, तो दादांच्या टकलाला चिकटला. पाण्याने निघेना, म्हणून निंबोळी तेल चोळले. तीन दिवस घरात त्यांच्याजवळ कोणी बसत नव्हते, डाससुद्धा नाहीत. म्हणजे औषध अस्सल आहे. उरलेले साबणाच्या पाण्यात घोळून मावशींच्या पानांखाली फवारले. पण खरी शाबासकी मावशींची. तीन ओळी त्यांनी स्वतः उपटल्या, गोण्यांत बांधल्या, डोळ्यांत टिपूस नाही. नऊ ओळी पंधरा दिवस हिरव्या आहेत. “तुमच्या दिरामुळे निभावलं हो ताई,” म्हणाल्या, आणि पदरात दोन मुठी कोवळी भेंडी घातली. दादा आता लोकांना सांगतात, माझा भाऊ माशा मारतो, आणि छाती फुगवतात.

तुमची वहिनी

ता. क. रोगट रोपे सगळी उपटली असे वर लिहायचे राहिले, कारण एक उपटलेले नाही. ते सोन्याचे. मावशींच्या नव्या रोपांसाठी तुम्ही पाठवलेली जाळी त्यालाच गुंडाळून न्हाणीघराच्या खिडकीत ठेवले आहे. हात होत नाही. आणि रोग कुणाच्या कुंडीतून गेला, हेही मावशींना सांगितलेले नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच मावशी चिकट कागद मागायला आल्या. भेंडीची भाजी मला दोन दिवस गिळवत नव्हती, सगळे सांगून टाकले. त्या न्हाणीघरात गेल्या, बराच वेळ बघत राहिल्या. “दिसतं मात्र देखणं हो,” म्हणाल्या, आणि जाळीसकट मुळापासून उपटून पिशवीत घालून गाठ मारली. जाळी धुऊन वापरीन म्हणाल्या. रागावल्या असाव्यात, पण जाताना पुन्हा दोन मुठी भेंडी ओट्यावर ठेवून गेल्या.

खिडकी चार दिवस उघडी होती, म्हणजे तिथली माशी त्यांच्या ओळींवर गेली असेलही. आणखी किती दिवस त्यांच्या नऊ ओळी हिरव्या राहिल्या म्हणजे ही भेंडी मी चिरावी, ते उलट टपाली कळवावे. तोवर ओल्या फडक्यात ठेवते.