थांबा-पद्धतीचा शास्त्रशुद्ध पुरावा

२ जानेवारी, सकाळी ५.४०
आजपासून नवं वेळापत्रक. पावणेसहा ते सात रियाज. सात ते नऊ प्रबंध. दहा ते चार कॉलेज. पाच ते आठ घरचा गाण्याचा क्लास. रविवार मैफलींसाठी. मैफली अजून ठरायच्या आहेत, पण रविवार राखून ठेवला आहे.
लोक म्हणतात, एक तर गा, नाहीतर गाणं शिकवा, नाहीतर गाण्यावर लिहा. तिन्ही एका माणसाला झेपत नाही. कोणी ठरवलं हे? ज्यांना एकही झेपलं नाही त्यांनी. जो गात नाही त्याने शिकवू नये, जो शिकवत नाही त्याने लिहू नये, आणि जो लिहीत नाही त्याने निदान माझ्याशी वाद घालू नये.
हिने वेळापत्रक वाचलं. म्हणाली, अहो, यात जेवण कुठे आहे?

३ जानेवारी
पावणेआठला जाग आली. वेळापत्रक तत्त्वतः अबाधित.

८ जानेवारी
विद्यापीठाचं पत्र. प्रबंधाला शेवटची मुदतवाढ, ३० जून. मग नोंदणी रद्द. विभागप्रमुखांनी जिन्यात गाठून उरलेलं सांगितलं: नोंदणी गेली की माझी जागा गेली. प्रबंध झाला तर मात्र कायम. नऊ वर्षं मी इथे 'तात्पुरता' आहे. माझ्यानंतर लावलेलं झाडसुद्धा मुळं धरून बसलं.

११ जानेवारी
विषय सापडला. नऊ वर्षं बाहेर शोधत होतो, तो रोज संध्याकाळी माझ्याच हॉलमध्ये येऊन बसत होता. माझे अकरा विद्यार्थी आणि माझी थांबा-पद्धती. सूर चुकला की त्याच क्षणी म्हणायचं, थांबा. चुकीचा सूर अर्धा सेकंदही जगता कामा नये. आज जिकडे तिकडे जो सैलपणा दिसतो त्याचं मूळ हेच, की कोणी कोणाला वेळेवर थांबवत नाही. (यावर स्वतंत्र लेख.)
आता मोजायचं, शिकवायचं, चार महिन्यांनी पुन्हा मोजायचं. क्लास तोच प्रबंध, प्रबंध तोच क्लास. एका दगडात दोन पक्षी. गायनाचा तिसरा आपोआप पडेल.

१५ जानेवारी
गाइडबाईंना विषय आवडला. म्हणाल्या, फक्त न शिकणाऱ्यांचा एक गट घ्या तुलनेला. मी म्हटलं, बाई, हे अंधार मोजून उजेड सिद्ध करण्यासारखं आहे. त्या म्हणाल्या, हो, तसंच करतात.

१९ जानेवारी
न शिकणारेही अकरा जमवले. ही, मेव्हणा, खालच्या मजल्यावरचे आजोबा, बाकीचे बिल्डिंगमधले. सगळ्यांनी एकच कडवं गायचं. फोनमधलं ॲप सूर किती हलला ते मोजतं. आकडा जितका मोठा, तितका माणूस बेसूर. माझे विद्यार्थी सरासरी २२. न शिकणारे २४.
आजोबा आधी म्हणाले, अहो, मला काय गायला सांगता, मी आयुष्यभर जमिनी मोजल्या. मग तिन्ही कडवी गायले. थांबेचनात. मेव्हण्याने विचारलं, भावोजी, मी चांगला गायलो तर तुमचं नुकसान ना? त्याला म्हटलं, काळजी करू नकोस.

६ फेब्रुवारी
घरात रियाज अशक्य. मी आवाज लावला की वरचं बाळ उठतं, बाळ उठलं की त्याची आई उठते, आणि आई थेट आमची बेल वाजवते. तेव्हा तळघरात, गाडीत, काचा वर करून. स्वतःचा नाद चारी बाजूंनी अंगावर येतो. हे सुख मोठमोठ्यांना मिळालं नसेल.
विसाव्या मिनिटाला काचेवर टकटक. वॉचमन. म्हणाला, साहेब, घाबरू नका, चावीवाल्याला बोलावलंय.

१४ मार्च
आज क्लासमध्ये एका तासात ६३ वेळा 'थांबा' म्हणालो. उच्चांक. प्रबंधाची पाच पानं झाली, त्यातली तीन ऋणनिर्देशाची.
दंतवैद्य हा माझा सर्वांत चिकाटीचा विद्यार्थी. आज म्हणाला, सर, एक ओळ तरी पुरी होऊ द्या. दाढ काढतानासुद्धा मी पेशंटला मध्ये चूळ भरू देतो. मी म्हटलं, दाढ एकदाच काढायची असते. त्याने तोंड उघडलं. पहिल्याच सुराला थांबवावं लागलं.

२ एप्रिल
संगीत मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन. २० जूनला चाळीस मिनिटं मोकळी आहेत, ठरलेल्या बाईंना बाळ होणार आहे. म्हटलं, बघतो, डायरी पाहावी लागेल. डायरी हीच. कोरी. होकार दिला. पक्षी पडला.

३ मे
दुसरी मोजणी. न शिकणारे २४ वरून १९. माझे विद्यार्थी २२ वरून ३१.
ॲप बिघडलं आहे.

४ मे
दुसरं ॲप घेतलं. ३२.

५ मे
सर्वांना सर्दी असावी. एकेकाला फोन करून विचारलं. कोणालाही नाही. बँकेतल्या बाई म्हणाल्या, सर, सर्दी नाही, पण तोंड उघडलं की तुमचा आवाज ऐकू येतो. मी म्हटलं, कुठे? त्या म्हणाल्या, सगळीकडेच. परवा काउंटरवर नोटा मोजताना थांबले.

७ मे
आजोबांना लिफ्टमध्ये गाठलं. गुणगुणत होते. विचारलं, चोरून कुठे क्लास लावलात का? म्हणाले, छे हो. तुम्ही जानेवारीत गा म्हणालात ना, तेव्हापासून गातो. त्याआधी पन्नास वर्षांत मला कोणी गा म्हटलं नव्हतं.
भावनिक माणूस. संशोधनात याला स्थान नाही.

१२ मे
खूप विचार केला. सत्य ही फार मोठी गोष्ट आहे. सत्यासाठी माणसांनी देशोधडीला लागणं पत्करलं. इतकी मोठी गोष्ट तक्त्यातली दोन शीर्षकं इकडची तिकडे झाल्याने लहान होत नाही. 'शिकणारे' डावीकडे होते, ते उजवीकडे येतील. एवढंच.
हिला म्हटलं, तक्ता दे जरा. ही म्हणाली, तो काल गाइडबाईंना गेला, टाइप झालं की पाठव असं तुम्हीच सांगितलं होतं. मी म्हटलं, आधी मला वाचून का नाही दाखवलंस? ही म्हणाली, दाखवायला लागले होते. पहिल्याच आकड्याला तुम्ही थांबा म्हणालात.

१३ मे
गाइडबाईंचा फोन. बहुतेक नोंदणी रद्द.
नाही. त्या आनंदाने बोलत होत्या. वीस वर्षांत स्वतःविरुद्ध पुरावा घेऊन येणारा संशोधक त्यांनी पाहिला नव्हता. म्हणाल्या, सर, केवढं धैर्य लागतं. मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार? प्रबंधाचं नवं नाव त्यांनीच सुचवलं: 'सततच्या दुरुस्तीमुळे विद्यार्थ्यांच्या सुरात होणारी घट'.
प्रबंध दिला तर क्लास बुडाला. नाही दिला तर नोकरी बुडाली. पण क्लास का बुडेल? प्रबंध वाचतो कोण? मी स्वतः माझ्या गाइडबाईंचा वाचलेला नाही. द्यायचा. तिन्ही वाचतील.

२० जून
मंडळाचा कार्यक्रम. साठ खुर्च्या, एकोणीस माणसं, त्यातला एक चुकून आलेला आणि उठायला लाजलेला.
पहिला सूर उत्तम लागला. असं मला वाटतं, कारण लगेच कोणीतरी थांबा म्हणालं. मी थांबलो. साथीदार दोन मात्रा पुढे निघून गेला होता, तो परत आला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. म्हणणारा मीच होतो. चाळीस मिनिटांत ती ओळ किती वेळा सुरू केली ते मेव्हण्याने मोजलं, पण आकडा सांगितला नाही. गाडीत म्हणाला, भावोजी, पाणी हवंय का? तो एरवी असं विचारत नाही.
सेक्रेटरी शेवटी म्हणाले, माफ करा, आम्हाला वाटलं माइक टेस्टिंग चाललंय, म्हणून पडदा उशिरा उघडला.
विराम हे माझ्या गायकीचं नवं अंग म्हणून विकसित करता येईल.

२८ जून
प्रबंध दिला. मुदतीच्या दोन दिवस आधी. वेळापत्रकाला नावं ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

९ जुलै
गाइडबाईंचा निरोप: ज्यांच्यावर प्रयोग केला त्यांना निष्कर्ष लेखी कळवणं सक्तीचं आहे. त्याशिवाय पदवी नाही. म्हटलं, त्यांना समजणार नाही. त्या म्हणाल्या, सोपं करून लिहा.
लिहिलं. 'तुमच्या सहकार्याबद्दल आभारी आहे. तुम्ही माझ्याकडे आल्यापासून तुमचं गाणं बिघडलं आहे.' याहून सोपं होईना. अकरा प्रती.

११ जुलै
सगळे वेळेवर आले. दंतवैद्य सगळ्यांच्या वतीने बोलला. म्हणाला, सर, आम्हाला वाटायचं आमच्यातच काही नाही. मी तर हार्मोनियम विकायला काढली होती. बरं झालं तुम्ही लिहून दिलंत. मनापासून आभार. बँकेतल्या बाई रडल्या. मग सगळे खाली आजोबांकडे गेले. तिथे आता पाच ते आठ गाणं असतं. कोणी शिकवत नाही.
जमिनीतून ऐकू येतं. चुका आहेत. मी पाय आपटला. त्यांना वाटलं, ठेका धरलाय. आणखी जोरात गायले.
ही खाली जाते.

३ ऑगस्ट
विजय. पदवीही आणि कायम जागाही. नऊ वर्षांनी. विभागप्रमुख म्हणाले, तुमच्यासारखा माणूस शिकवण्यात वाया घालवायचा नाही, यापुढे फक्त संशोधन. वर्गावर पाठवणार नाही, तसं लेखीच दिलं. निवृत्तीपर्यंत. एकोणीस वर्षं. स्वतंत्र खोलीही आहे.

५ ऑगस्ट, सकाळी १०
खोली पाहिली. पूर्वीची रेकॉर्डिंगची. भिंतींना फोम, जाड दार, खिडकी नाही. इथे बाळ उठणार नाही, वॉचमन येणार नाही. रियाजाला जागा, वेळ आणि पगार एकाच ठिकाणी. तिन्ही करिअर एका छताखाली आली. मी म्हणतच होतो.

१०.१०
सूर लावला. थांबलो.

१०.११
पुन्हा.

दुपारी ३.४५
पहिल्या ओळीच्या पहिल्या शब्दावर काम चालू.

५.३०
शिपाई कुलूप लावायला आला. म्हणाला, सर, तुम्ही गायक ना? दिवसभर काहीच ऐकू आलं नाही.
म्हटलं, खोली साउंडप्रूफ आहे.